टाचेखालचं पाणी

गुंडूरवाडीच्या वळणावर रस्त्यात बैलगाडी आडवी उभी होती. बैल नव्हते. जू जमिनीला टेकवलेलं, दोन्ही चाकांना दगड लावलेले. डावीकडं ओढ्याची घळ, उजवीकडं घराएवढे धोंडे, आणि गाडी अशी नेमकी मधोमध की शेजारून सायकलसुद्धा निघू नये. शिवमूर्तीनं ब्रेक दाबला आणि सवयीनं आरशात पाहिलं. आरशात सहा चेहरे होते. सहाही घामेजलेले आणि सहाही त्याच्याकडंच बघणारे.

"मंडळी, पाच मिनिटांचा थांबा," तो ठेवणीतल्या आवाजात म्हणाला. "बैल कुठं चहाला गेलेत ते बघून येतो."

मागच्या सीटवरच्या दोघी बहिणी हसल्या. तो दार उघडून उतरतोय तोवर मागून एक ट्रॅक्टर धडधडत आला, हातभर अंतर ठेवून आडवा झाला आणि बंद पडला. चालवणाऱ्यानं किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली, तेव्हा शिवमूर्तीच्या ध्यानात आलं की तो बंद पडलेला नाही.

शिवमूर्ती उदगीरचा. बापाचं चौबाऱ्याजवळ किराणा दुकान. नांदेडला राहून त्यानं भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ज्या नोकरीसाठी केलं, तिची जाहिरात दोन वर्षं झाली तरी निघाली नव्हती. तोवर म्हणून तो पुण्याच्या एका लहानशा साहसी पर्यटनाच्या कंपनीत लागला. एक गाडी, सहा पर्यटक, चार दिवस. नांदेडहून निघायचं, कंधारचा किल्ला बघायचा, मुखेडच्या पुढं या धोंड्यांच्या टेकड्यांवर दोर लावून चढायचं, उदगीर करून लातूरला पोचायचं. गाडी तोच चालवायचा, दोर तोच बांधायचा, माहिती तोच सांगायचा. "एका पगारात तीन माणसं," असं कंपनीच्या मालकीण विशाखा मॅडम कौतुकानं म्हणायच्या. कुठल्या वळणावर कुठला विनोद करायचा हेही ठरलेलं होतं. दोन वर्षांत त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. रस्ता जितका मोकळा दिसतो तितका तो नसतो. महिन्यातून तीनदा तोच घाट, तोच किल्ला, तीच वाक्यं.

बैलगाडीच्या पलीकडं पंधरा-वीस माणसं उभी होती. पुढं गुंडप्पा. हा गावचा उपसरपंच, पन्नाशीचा, पोटानं आणि आवाजानं भारदस्त. दर खेपेला गाडी थांबवून पुण्याच्या लोकांशी हात मिळवणारा. आज त्यानं हात पुढं केला नाही.

"या, सायबा," तो म्हणाला. "वाट बघून राहिलो सकाळधरनं."

"काय झालं अण्णा? जिल्ह्याचा रस्ता रोको काय?"

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. उदगीर नवा जिल्हा होणार, मुखेडचा हा कोपराही त्यात जाणार, अशी हवा जानेवारीपासून होती आणि आठवड्याला कुठं ना कुठं टायर जळत होते.

"जिल्हा गेला खड्ड्यात," मागून एकजण म्हणाला. "टँकर चौथ्या दिवशी येऊलाला. सर्व्हेचा सायेब येतच न्हाई. नांदेडात राहणार का उदगिरात जाणार ते ठरू द्या मन्तो. जमिनीखालचं पाणी काय जिल्हा इचारून ऱ्हातंय?"

गुंडप्पानं हात वर करून त्याला गप्प केलं. "शिवमूर्ती, तुला एकच इचारायचं हाय. त्या राक्षसाच्या बांधाजवळ, टाच आपटून, हितं पाणी हाय असं तू म्हन्ला व्हतास का न्हाई?"

शिवमूर्तीच्या तोंडाला कोरड पडली. एप्रिलच्या दुपारी ती सगळ्यांच्याच तोंडाला होती.

*

राक्षसाचा बांध म्हणजे काळ्या दगडाची नैसर्गिक भिंत. आसपासचा खडक गुलाबी-करडा, दाणेदार. त्याला कधीकाळी उभी भेग पडली, खालून तप्त रस वर आला आणि भेगेतच थिजला. मऊ खडक झिजून गेला आणि ही काळी पट्टी दीड पुरुष उंच, फर्लांगभर लांब उघडी पडली. गावकऱ्यांच्या हिशेबी ती राक्षसानं एका रात्रीत घातली. शिवमूर्तीला दोन्ही गोष्टी सांगायला आवडायच्या, आधी राक्षसाची, मग खरी.

आणि खऱ्या गोष्टीत पाणी होतं. टेकडीवर पडलेलं पावसाचं पाणी मुरमातून उताराकडं सरकत येतं, जमिनीखाली या भिंतीला अडतं आणि तिच्या मागं साठून राहतं. मागं म्हणजे टेकडीच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूला काहीही नसतं, ते भिंतीचं कोरडं अंग. हे बारावीच्या पोरालाही चित्र काढून समजावता येईल.

पण टेकडीच्या बाजूला जायचं तर बाभळीच्या काट्यांचं कुंपण ओलांडून, चिलारीच्या काटेरी जाळीतून वाट काढत चाळीस पावलं चालावं लागे. पहिल्याच सहलीत एका बाईंचा पाय चांगलाच फाटला. शिवाय उतरतं ऊन भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगावर पडायचं आणि फोटो असा यायचा की कंपनीनं तो आपल्या पानावर सगळ्यात वर लावला होता. "आतल्या बाजूला कशाला नेतोस?" विशाखा मॅडम म्हणाल्या होत्या. "इथंच उभा राहून सांग ना. लोकांना काय फरक पडतो?"

लोकांना खरंच फरक पडला नाही. शिवमूर्ती रस्त्याच्या अंगाला उभा राहू लागला. एकदा बोलण्याच्या भरात त्यानं टाच आपटली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आत्ता, इथं, आपल्या पायाखाली पाणी अडून बसलंय." सहाही माणसांनी आपोआप खाली पाहिलं. ते त्याला आवडलं. पुढच्या खेपेपासून टाच कार्यक्रमात कायमची आली.

डिसेंबरातल्या एका दुपारी त्या सहा जणांच्या मागं सातवी ऐकणारी होती. मल्लम्मा. सत्तरीची, एकटी, चार शेळ्यांची मालकीण. सहलीचं दुपारचं जेवण तिच्याच घरी असायचं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी. उन्हाळा लागल्यापासून शिवमूर्ती स्वयंपाकासाठी गाडीतून पाण्याचा जार आणून तिच्या ओट्यावर ठेवायचा. उरलेलं पाणी तिचं, असा दोघांत न बोलता झालेला करार होता.

*

"बोअर कुठं मारला?" शिवमूर्तीनं विचारलं.

"आधी हो का न्हाई सांग."

"सांगतो अण्णा. आधी जागा दाखवा."

गुंडप्पा त्याला घेऊन निघाला. मागं सहलीतले अनंतरावही उतरले. निवृत्त अभियंता, टोपी, गळ्यात कॅमेरा. "शिवमूर्ती, काय असेल ते लवकर मिटव," ते चालता चालता म्हणाले. "लातूरच्या लॉजवर पाणी सात ते आठच सोडतात. शहराला रेल्वेनं पाणी येतंय, आपण उशिरा पोचलो तर आंघोळ विसरा."

बांध दिसला आणि त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या भुकटीचा ढीग दिसला. खडकाची भुकटी, पिठासारखी. मधोमध लोखंडी पाइपाचं तोंड जमिनीतून वीतभर वर आलं होतं आणि त्यावर एक पत्रा ठेवून पत्र्यावर दगड ठेवला होता. शिवमूर्तीनं तो बाजूला केला, एक खडा पाइपात सोडला आणि मनात मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच्या पुढं अर्ध्यावर खालून बारीक टक्क आलं. कोरडं.

"चारशे वीस फूट?" तो म्हणाला.

गुंडप्पानं चमकून पाहिलं. "कुणी सांगितलं तुला?"

"खड्यानं," शिवमूर्ती म्हणाला. तो पाइपाकडं नाही, जागेकडं बघत होता. भिंतीपासून सहा पावलं, वाकड्या धोंड्याच्या बरोबर समोर. तो उभा राहायचा तीच जागा. आजूबाजूला नाही, जवळपास नाही, तीच.

"म्हातारीनं दगड ठिवला व्हता," गुंडप्पा म्हणाला. "तुझी टाच उमटली व्हती तिथं. शेळ्यांनी तुडवू नाई म्हणून त्याच दिवशी ठिवला मने."

मग त्यानं सगळं सांगितलं. मार्चात गावानं वर्गणी केली आणि मशीन बोलावलं. एकच भोक परवडणार होतं. कुठं पाडायचं यावर बसवेश्वराच्या ओट्यावर बैठक बसली. सिद्रामप्पा हा गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून रान फिरतो आणि नारळ उभा राहील तिथं पाणी सांगतो. त्यानं देवळामागची जागा दाखवली होती. सगळे हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात, आयुष्यात कधी बैठकीत न बोललेली मल्लम्मा उठली.

"काय मन्ली ठाव हाय?" गुंडप्पानं तंबाखू थुंकली. "मन्ली, सिद्रामप्पाचं आपण फुकट ऐकतो. त्या पोराचं ऐकायला लोकं पुण्यावरनं पैसे भरून येतेत. खोट्याला पैसे कोन देईल?"

त्या तर्कावर मशीन बांधाकडं वळलं. 

गुंडप्पा जवळ सरकला. अनंतराव भिंतीचा फोटो काढण्यात गुंतले होते. "हे बघ. मला तुझ्याशी वैर न्हाई. पावन्याची गाडी अडवली म्हणून पोलीस आले, तर आधी मी आत जाणार. म्हातारीला कमी ऐकू येतं, अख्ख्या गावाला ठाव हाय. ओट्यावर चल, सगळ्यांपुढं सांग, मी असं काई म्हन्लोच न्हाई. बास. मी गाडी बाजूला घेतो."

"आणि आजी?"

"तिला चार शिव्या पडतील. पंधरा दिवसात इसरतील लोकं." तो थांबला. "आन तू हो म्हन्लास, तर मी बी काई करू शकत न्हाई. गावाला धरायला कुणीतरी पाहिजेच हाय."

अनंतरावांनी कॅमेरा खाली केला. त्यांना ऐकू गेलं होतं. "मग प्रश्न मिटला की," ते म्हणाले. "नाही म्हणायचं आणि निघायचं. तू काही सर्व्हे केला नव्हतास, रिपोर्ट दिला नव्हतास. त्यांची चूक आहे."

मोबाइलला रेंज फक्त वाकड्या धोंड्यावर मिळायची. शिवमूर्ती वर चढला आणि विशाखा मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काहीही कबूल करू नकोस," त्या म्हणाल्या. "आपण माहिती देतो, सल्ला देत नाही. हा फरक नीट लक्षात ठेव."

"मॅडम, जागाच चुकीची होती. मी आतल्या बाजूला सांगायला पाहिजे होतं."



"ते कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग तुझ्यापाशीच ठेव," त्या म्हणाल्या. आणि जरा हळू, "तिथं उभं राहायला मी सांगितलं होतं, ते तर अजिबात काढू नकोस."

धोंड्यावरून चहूकडचं दिसत होतं. पुढं बैलगाडी, मागं ट्रॅक्टर, मधे पांढरी गाडी, आत पाच माणसं पंख्यासारखे कागद हलवत होती. ते कागद त्याच्याच सहलीचं वेळापत्रक होतं. तीन वाजून दहा मिनिटं : राक्षसाचा बांध, माहिती. तीन वाजून तीस : प्रस्थान. गाडी अडकली होती खरी, पण त्याला वाटलं, आपण कधीचे या वीतभर जागेत अडकलोय. फक्त आज कुणीतरी तिथं पाइप घातला.

एक शब्द होता. 'नाही.' तो म्हटला की साडेसातला लातूर. आणि बावीस तारखेला पुन्हा इथंच, नव्या सहा जणांना घेऊन, पाइपाच्या शेजारी.

*

ओट्यावर माणसं दाटीनं बसली होती. सिद्रामप्पा खांबाला टेकून, पांढरी मिशी, कपाळाला विभूती. बाया भिंतीच्या सावलीला. मल्लम्मा सगळ्यांपासून लांब, पायरीच्या खाली बसली होती. तिच्या शेजारी जागा असून कुणी बसलं नव्हतं. ती शिवमूर्तीकडं बघत नव्हती. पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"हां, सांग," गुंडप्पा म्हणाला आणि बारीक मान हलवली. "म्हन्ला व्हतास का न्हाई?"

शिवमूर्तीनं बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की घशात कंपनीचा आवाज येऊन बसलाय. तो गोड, खालच्या पट्टीतला, टाच आपटणारा. त्यानं तो गिळला.

"म्हणालो होतो," तो म्हणाला.

ओटा एकदम बोलायला लागला. गुंडप्पानं कपाळाला हात लावला. अनंतराव "अरे!" म्हणाले.

"मल्लम्मा आजीनं बरोबर ऐकलं," शिवमूर्तीनं आवाज चढवला. "मी म्हणालो तेच तिनं तुम्हाला सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. पण मी सांगितली ती जागाच खोटी होती."



त्यानं खाली बसून धुळीत रेघ ओढली. ही भिंत. ही टेकडी. पाणी असं येतं, इथं अडतं. इकडच्या अंगाला. तुम्ही भोक पाडलं ते तिकडच्या अंगाला. आणि तिथंच पाडणार होतात, कारण मी तिथंच पाय आपटला. 

मल्लम्मा कधी उठली ते कुणाला कळलं नाही. ती धुळीतल्या रेघेपाशी येऊन उभी राहिली होती.

"तुला तवा ठाव व्हतं?" तिनं विचारलं. "का मागनं कळलं?"

"तेव्हाच माहीत होतं, आजी."

"मग हिकडं कामून उभारलास?"

कुठलंही उत्तर याहून बरं झालं असतं. पण खरं एकच होतं.

"फोटो चांगला येतो."

बायांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू लगेच विझलं. मल्लम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात खोटा निघालेला रुपया माणूस उलटसुलट करून बघतो. रागानं नव्हे. हा आपण घेतलाच कसा, म्हणून.

"चारशे वीस फूट!" ट्रॅक्टरवाला ओरडला. "फोटोसाठी!" दोघं-तिघं उठून पुढं आले. गुंडप्पा आडवा झाला. धक्काबुक्कीत शिवमूर्तीच्या सदऱ्याची दोन बटणं तुटली आणि गाडीची किल्ली त्याच्या हातातून कुणाच्या तरी हातात गेली. तिथून ती गुंडप्पाच्या करदोट्याला गेली.

"थांबा रे," सिद्रामप्पा म्हणाला. इतका वेळ तो धुळीतल्या रेघा बघत होता. "मारून काय पाझर फुटणार हाय का त्याला? पोरा, मग तिकडच्या अंगाला पाणी हाय का?"

"असायला पाहिजे. पंचवीस-तीस फुटांवर. मशीन नको, खांदून लागेल. लागलं तर."

"लागलं तर मंजे?"

"शंभरात साठ."

आता मात्र माणसं उघड हसली. "सिद्रामप्पा शंभर सांगतो!" कुणीतरी म्हणालं.

"हाव, सांगतो," सिद्रामप्पा म्हणाला. "शंभर सांगतो आन धापैकी सात कोरडे जातेत. शंभर न्हाई सांगितलं तर नारळाला कोन ईचारतंय? ह्यानं आज साठ सांगितलं. मला तर पयल्यांदाच खरं बोलल्यावानी वाटलं."

ठरायला फार वेळ लागला नाही. पावन्यांचा काही दोष नव्हता. गावची काळी-पिवळी जीप त्यांना उदगीरला सोडील. गाडी इथंच राहील. गाडीचा मालक पोलीस घेऊन आला तर आला. आणि शिवमूर्तीही इथंच राहील. खांदायला पैसे लागत नाहीत. दोन माणसांची जोडी, आठ-दहा दिवस. त्यातला एक माणूस तो.

अनंतराव जीपमध्ये चढताना त्याच्याजवळ थांबले. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. पण त्यांनी पिशवीतून हातमोजे काढले, दोर चढताना घालायचे. "कंपनीचेच आहेत," ते म्हणाले. "हात सोलतील तुझे." दोघी बहिणींपैकी एकीनं पाण्याच्या दोन बाटल्या खिडकीतून खाली ठेवल्या. विशाखा मॅडमचा निरोप धोंड्यावर चढल्यावरच मिळणार होता, आणि त्याला वर चढावंसं वाटलं नाही. तो काय असणार हे खडा न टाकताही कळत होतं.

जीपचा धुरळा खाली बसला. बैलगाडी कुणी हलवली नव्हती. हलवायचं आता कारणही नव्हतं.

मल्लम्मा बांधाकडं निघाली होती. तो तिच्या मागं गेला. पाइपाजवळ ती वाकली आणि पत्र्यावरून उतरवलेला तो दगड उचलला. टाचेच्या खुणेवर ठेवलेला हाच, हे त्याला आत्ता कळलं. काळा, नारळाएवढा, वजनदार. त्यानं हात पुढं केला. तिनं दिला नाही. दगड कमरेवर घेऊन ती काट्याच्या कुंपणाशी गेली, पायानं फांदी दाबली, वाट केली आणि चिलारीतून आत शिरली. इतक्या सोप्या रीतीनं, की त्या चाळीस पावलांची अडचण नेमकी कुणाला होती हे विचारायची गरज उरली नाही. त्याच्या दंडावर मात्र दोन ओरखडे उठले.

पलीकडं सावली होती. भिंतीच्या या अंगाला ऊन येत नव्हतं. फोटो आलाच नसता. एक उंबर उभा होता, पानं गळलेला, पण शेंड्याला चार कोवळी तांबूस पानं धरून. शिवमूर्तीनं वाकून माती उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली. भुगा झाला. वरचीच माती ती, तिनं काय सांगावं. त्यानं भिंतीपासून पावलं मोजली, उताराचा अंदाज घेतला, मागं सरला, पुन्हा मोजलं. मल्लम्मा दगड कमरेवर धरून उभी होती. तिनं घाई केली नाही.

"इथं," तो म्हणाला. टाच उचलायची त्याला धास्ती वाटली. त्यानं बोटानं दाखवलं.

"नक्की?"

"नाही, आजी."

तिनं दगड तिथं ठेवला, नीट बसतो का ते हलवून पाहिलं आणि कंबर सरळ केली.

"कुदळ गुंडप्पाच्या घरी हाय," ती म्हणाली. "मागून आण. ऊन उतरलंय, हातभर तरी व्हईल आज."